ऑइल वाढलं

मे २०१४ मधली दुपार. न्हावा शेव्याहून भंगाराचा कंटेनर घेऊन निघालेला आमचा ट्रेलर कसारा घाटाच्या पायथ्याला सावलीत थांबला होता, आणि अण्णा जालन्यातून ड्रायव्हरमामांशी फोनवर बोलत होते. बोलणं नेहमीचंच. पाणी बघितलं का, ऑइल बघितलं का, काटा कुठं आहे. पलीकडून काहीतरी उत्तर आलं आणि अण्णांच्या कपाळावरची आठी सुटली. फोन ठेवून ते आईला म्हणाले, "ऑइल कमी तर झालंच नाही, उलट थोडं वाढल्यासारखं दिसतंय म्हणतो. इंजिन चांगलं आहे आपलं."

घरात सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. मी तेव्हा औरंगाबादला मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते, सुट्टीवर आले होते, आणि इंजिनातलं ऑइल आपण होऊन वाढत नसतं हा साधा विचार माझ्या मनात आला नाही. आजही त्या दुपारची आठवण झाली की सगळ्यात आधी हेच टोचतं.

जालन्याचं नाव बाहेर दोन गोष्टींनी आहे, बियाणं आणि सळई. सळईच्या भट्ट्यांना भंगार लागतं, आणि त्यातलं बरंचसं परदेशातून कंटेनरमध्ये बंदरावर उतरतं. ते इथपर्यंत ओढून आणायचं आणि परतीला सळई भरून न्यायची, या फेऱ्यांवर आमचं घर चाललं. अण्णांनी २००९ मध्ये जुना ट्रेलर घेतला होता. पुढच्या ओढणाऱ्या गाडीला ट्रान्सपोर्टवाले घोडा म्हणतात. आमच्या घोड्यात सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं टर्बो इंजिन होतं, १८० हॉर्सपॉवरचं. भरल्या गाडीचं वजन चाळीस टनांच्या घरात जायचं.

कसारा ते इगतपुरी चढण साधारण तीनशे मीटरची. अंतर फार नाही, म्हणून कारमधून जाणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. मी एकदा हिशेब मांडला होता. चाळीस टन तीनशे मीटर वर उचलायला सुमारे ३३ युनिट विजेएवढी ऊर्जा लागते. रस्त्याचं, टायरचं, वाऱ्याचं घर्षण सोडून, नुसतं उचलायला. डिझेल इंजिन जळणाच्या उष्णतेतली साधारण चाळीस टक्के कामाला लावतं, म्हणजे या ३३ युनिटांसाठी साडेआठ लिटरच्या आसपास डिझेल जळतं आणि पन्नासएक युनिटांची उष्णता नुसती बाहेर टाकावी लागते. निम्मीअधिक धुरावाटे जाते. बाकीची पाणी आणि ऑइल यांनी वाहून न्यायची. आणि हे कधी, तर गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये बैलगाडीच्या चालीनं चढत असताना. समोरून वारा मिळत नाही, फॅन जेवढा ओढेल तेवढाच. बाहेर ४१ अंश, डांबरावर त्याहून कितीतरी जास्त.

अशा चढणीवर रेडिएटरमधलं पाणी नव्वद-पंचाण्णव अंशांवर असतं. ऑइल त्याच्याही दहा-वीस अंश वर जातं. पिस्टनच्या पोटाशी पाणी पोचत नाही. तिथं खालून ऑइलच्या धारा मारलेल्या असतात आणि पिस्टनची आग तेच घेऊन खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो, तो ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, दोन-चार मिनिटं चालू ठेवा असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते यासाठीच. इंजिन बंद झालं की ऑइलचा ओघ थांबतो आणि लालभडक टर्बोत अडकलेलं ऑइल तिथंच जळून त्याचा कोळसा होतो.

आता अण्णांच्या बोटांबद्दल.

ऑइल घेताना, बदलताना, दुसऱ्याच्या गाडीचं बघतानाही अण्णा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचे. बोटं हळूच चोळायची, मग सावकाश दूर न्यायची आणि मधली तार किती लांबेपर्यंत टिकते ते बघायचं. तार टिकली तर ऑइलात जीव आहे. तुटली तर पाणी झालं. हे ते त्यांच्या उस्तादांकडून शिकले होते. उस्तादांच्या काळात ऋतूप्रमाणे ऑइल बदलायचे, हिवाळ्याला ३० नंबर आणि उन्हाळ्याला ४०. उन्हाळ्यात ऑइल पातळ होतं, म्हणून मुळात जाड भरायचं. त्या काळासाठी आणि त्या ऑइलसाठी ते बरोबरच होतं. मला हे आवर्जून सांगायचं आहे, कारण पुढचं वाचून कुणी त्या लोकांना अडाणी समजू नये.

त्या वर्षी एप्रिलपासून घाटात आमचा काटा पडायला लागला होता. म्हणजे ऑइल प्रेशरचा. सपाटीवर ठीक, चढणीवर गरम झाल्यावर मात्र नेहमीपेक्षा खाली. इंजिनात १५डब्ल्यू-४० जाडीचं ऑइल होतं, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं. अण्णांनी चार जणांना विचारलं, चौघांनी एकच सांगितलं. जाड भर. मग दुकानात जाऊन अण्णांनी दोन्ही ऑइलं बोटांत धरून पाहिली आणि २०डब्ल्यू-५० ची बादली घेऊन आले. पंधरा-सोळा लिटर ऑइल बदललं. पुढच्या फेरीला काटा वर. अण्णा इतके खूश झाले की येताना बर्फी आणली.

सुट्टी संपवून मी कॉलेजला गेले तेव्हा सोबत दोन जुन्या पाण्याच्या बाटल्यांत दोन्ही ऑइलं नेली. आमच्या प्रयोगशाळेत रेडवूड व्हिस्कोमीटर होता. पितळी भांड्यात तेल घ्यायचं, भोवतीचं पाणी तापवायचं, तळाच्या बारीक भोकातून ५० मिली तेल गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, इतकंच. सरांची परवानगी काढून मी दोन दुपारी तेच केलं. चाळीस अंशांना १५डब्ल्यू-४० ला साडेसात मिनिटं लागली. २०डब्ल्यू-५० ला अकरा मिनिटांच्या वर. अण्णांच्या बोटांना जाणवलेला फरक खराच होता, चांगला साडेतीन-पावणेचार मिनिटांचा. मग पाणी तापवत नेलं. नव्वद अंशांना पहिल्याला ८० सेकंद, दुसऱ्याला १०५.

पंचवीस सेकंद. मी स्टॉपवॉच हातात धरून तशीच बसले होते. बाहेर शिपाईकाका किल्ल्या वाजवत होते.

ज्यानं गुऱ्हाळावर काकवी पाहिली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. कढईत पाण्यासारखी उसळणारी काकवी गार झाली की चमच्यावरून हलत नाही. बोटांचं तापमान पस्तीस-छत्तीस अंश. इंजिन जगतं शंभराच्या पुढं, आणि बेअरिंगच्या फटीत, जिथं ऑइल दाबून पिळून निघतं, तिथं दीडशेपर्यंत. बोट जे सांगतं ते सकाळी थंड गाडी चालू करतानाच्या इंजिनाबद्दल सांगतं. घाटातल्या इंजिनाबद्दल त्याला काही माहीतच नसतं.

डब्यावरचे आकडे नेमकं हेच सांगायला आहेत, पण ते कुणी आपल्याला उलगडून सांगत नाही. १५डब्ल्यू मधला डब्ल्यू म्हणजे हिवाळा. १५ आणि २० हे आकडे शून्याखालच्या थंडीत इंजिन फिरवता येईल का याच्या चाचणीतून येतात. मराठवाड्यात त्यांचा उपयोग एवढाच, की पहाटे पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरच्या टोकापर्यंत किती लवकर पोचतं. पुढचा ४० किंवा ५० हा शंभर अंशांवरचा. सेंटीस्टोक हे ऑइलच्या जाडीचं माप. ४० म्हणजे साडेबारा ते सव्वासोळा सेंटीस्टोक, ५० म्हणजे तिथून पुढं जवळजवळ बावीसपर्यंत. याशिवाय दीडशे अंशांवर, पिळवटताना किती जाडी उरते याचीही किमान मर्यादा असते, आणि १५डब्ल्यू-४० ला ती पाळावीच लागते. म्हणजे कसाऱ्याच्या मे महिन्याचा विचार त्या आकड्यात आधीच केलेला आहे. १५डब्ल्यू-४० हिवाळ्याचं आणि २०डब्ल्यू-५० उन्हाळ्याचं, ही आपल्याकडची समजूत त्या १५ आणि २० मुळे झाली असावी असं मला वाटतं. मोठा आकडा म्हणजे जास्त उन्हाचा.

मग काटा वर कसा गेला? तो जाणारच. काटा दाब दाखवतो, ओघ दाखवत नाही. आमच्या मोसंबीच्या बागेत ठिबकचा फिल्टर तुंबला की फिल्टरच्या अलीकडचा गेज छान वर चढतो आणि शेवटच्या ओळीतली झाडं सुकतात. जाड ऑइल त्याच फटीतून ढकलायला जास्त दाब लागतो, तो काट्यावर दिसतो. बेअरिंगमधून किती ऑइल वाहतं आणि किती उष्णता घेऊन जातं, ते कमी झालेलं असू शकतं. शिवाय जाड ऑइल स्वतःला घुसळण्यातच जास्त तापतं. काही जुन्या इंजिनांच्या पुस्तकात उष्ण हवेसाठी २०डब्ल्यू-५० ला परवानगी असते, तिथं ते जरूर वापरावं. आमच्या पुस्तकात नव्हती. आणि काटा का पडतोय हा प्रश्न तर तसाच राहिला होता.

मी फोन करून अण्णांना पंचवीस सेकंद समजावले. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं. पण आता काटा चांगला आहे ना बाई." मीही पुढं काही बोलले नाही. काटा चांगला होता.

जूनच्या शेवटी घोटी ओलांडून सिन्नरच्या रस्त्याला लागल्यावर इंजिन ठोकायला लागलं. मामांनी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, म्हणून ब्लॉक वाचला. टोचन करून घोडा जालन्याला आणला. औद्योगिक वसाहतीत आमचे मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. चाचांनी चेंबरचा नट सोडला, वाहत्या धारेखाली हात धरला, हात नाकाशी नेला आणि अण्णांकडे न बघता मला म्हणाले, "बेटा, ये तेल नही, इसमें डिझल उतरा है."

पंप. डिझेलच्या पंपाचे आतले भाग झिजले होते आणि तिथून थेंबथेंब डिझेल ऑइलमध्ये उतरत होतं, बहुधा मार्चपासून. शंभर भाग ऑइलात पाच भाग डिझेल मिसळलं तरी ४० चं ऑइल ३० च्या घरात उतरतं. काटा त्यामुळे पडत होता. काटा खरं सांगत होता, आणि आम्ही जाड ऑइल भरून त्याला गप्प केलं. नव्या जाड ऑइलातही डिझेल उतरतच राहिलं. जाडीमुळे बोटाला कळलं नाही, काट्याला कळलं नाही. कळलं होतं फक्त डिपस्टिकला, ऑइलची पातळी बघायच्या पट्टीला. कसाऱ्याच्या पायथ्याला तिनं सांगितलंसुद्धा होतं, ऑइल वाढलं म्हणून.

बेअरिंगांची तांब्याची तळी उघडी पडली होती. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, पॉइंट दोन-पाच मिलिमीटरनं ग्राइंड करावा लागला, बेअरिंगचा सेट, पंपाचं काम, टर्बो. सगळे मिळून दीड लाखाच्या वर, शिवाय गाडी महिनाभर उभी. त्या वर्षी आईनं पाटल्या मोडल्या. हे मी लिहिणार नव्हते, पण ऑइलच्या निवडीबद्दल लिहिताना ते वगळलं तर लोकांना वाटेल की प्रश्न सेंटीस्टोकचा होता.

अण्णा चाचांच्या शेडमध्ये उलट्या बादलीवर बसून होते. मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांनी तळहातावर ते ऑइल घेतलं होतं. ते म्हणाले, "मी जाड भरलं ते माझ्या जिवासाठी भरलं गं. मामा एकटा घाटात असतो. काटा खाली दिसला की मला इथं झोप येत नव्हती."

मला त्या क्षणापासून ऑइलकडे वेगळ्या नजरेनं बघता आलं. उन्हात वजन ओढणाऱ्या गाडीसाठी ऑइल निवडताना माणूस बहुतेक वेळा स्वतःची भीती शांत करत असतो. महाग घेतो, जाड घेतो, कुणीतरी सांगितलेली पुडी टाकतो. काळजी खरी असते, तिच्यात खोट नसते. पण इंजिनाला काय लागतं हे कळायला ती पुरत नाही. आणि चाचांचं नाक बघा. त्या नाकाला तापमानाशी देणंघेणं नव्हतं, डिझेलचा वास थंडीतही येतो आणि उन्हातही. हाताचं शिक्षण जुनं झालं असं मी म्हणणार नाही. कुठलं बोट कुठं चालतं आणि कुठं चालत नाही, एवढंच कळायला हवं होतं.

२०२२ मध्ये आम्ही नवा घोडा घेतला. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या, कडक नियमांचा. तोवर मी नोकरी सोडून घरचं ट्रान्सपोर्ट बघायला लागले होते. पहिल्या ऑइल बदलीच्या वेळी अण्णांनी अर्थातच सुचवलं की आपलं नेहमीचं भारी ऑइल आहे, जुन्या गाडीला इतकी वर्षं चालतंय, तेच भरू. आणि इथं गोष्ट पुन्हा उलटी होते.

ऑइलच्या डब्यावर जाडीच्या आकड्याशेजारी आणखी एक खूण असते, सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी. सी ने सुरू होणारी डिझेलची. सीएच-४ १९९८ ची, सीआय-४ २००२ ची, सीके-४ डिसेंबर २०१६ ची. ती ऑइलची पिढी सांगते. आपल्याकडच्या डिझेलमध्ये पूर्वी गंधक भरपूर असायचं. बीएस-३ च्या काळात दहा लाखांत ३५० भाग, बीएस-४ ला ५०, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ ला १०. गंधक जळलं की आम्ल होतं आणि ते बेअरिंग खातं, म्हणून जुन्या भारी ऑइलात आम्ल मारणारी कॅल्शियम, मॅग्नेशियमची द्रव्यं भरपूर घालत. ती जळाल्यावर राख उरते. जुन्या गाडीला त्याचं काही नव्हतं, राख सायलेन्सरमधून उडून जायची. बीएस-६ गाडीच्या धुराच्या वाटेवर मात्र काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. काजळी ती जाळून टाकते. राख जळत नाही. ती बसत जाते, वर्षानुवर्षं, आणि एक दिवस गाळणी भरते. गाळणीची किंमत ऐकली की पाटल्या आठवतात. सीके-४ मध्ये राखेवर एक टक्क्याची मर्यादा आहे, ती यासाठी. एका बदलीनं काही बिघडलेलं दिसलं नसतं, आणि म्हणूनच ती चूक सवयीची होऊन बसली असती.

म्हणून आता कुणी विचारलं की मी जाडी नंतर सांगते. आधी गाडी कुठल्या पिढीची ते बघा आणि पुस्तकात लिहिलेली खूण डब्यावर आहे का ते बघा. ती जुळली की उन्हात ओढायला १५डब्ल्यू-४० बहुतेक गाड्यांना पुरतं. पैसे असतील तर सिंथेटिक घ्या, ते तापून लवकर खराब होत नाही. दर दहा अंशांमागे ऑइल बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे कंपनीनं चाळीस हजार किलोमीटर सांगितलेले असले तरी त्यातले किती घाटात आणि किती मे महिन्यात गेले ते आपणच मोजायचं आणि बदली अलीकडे ओढायची. अवजड कामासाठीचा वेगळा, कमी टप्पा पुस्तकात दिलेला असतो, तो शोधून वाचा. सुटं ऑइल घेऊ नका, बादलीचं सील स्वतः बघा. आणि ऑइलवर एवढा खर्च करण्याआधी रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापूस, भुसा, किडे हवेनं किंवा हलक्या पाण्यानं धुऊन काढा. मला आजवर घाटात तापलेल्या जेवढ्या गाड्या माहीत आहेत त्यांतल्या निम्म्या तरी त्या जाळीमुळे तापल्या.

अण्णांना हे सगळं मी सांगितलं तेव्हा त्यांनी फार वाद घातला नाही. डब्यावरचं वाचून दाखव म्हणाले. मी वाचलं. पुन्हा वाचायला लावलं. मग खिशातल्या डायरीत त्यांनी त्यांच्या अक्षरात लिहून घेतलं, 'नवी गाडी सी के चार, पंधरा चाळीस', आणि खाली दोनदा रेघ मारली.

जून २०२५ मध्ये समृद्धीचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा सुरू झाला आणि कसाऱ्याची चढण पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात गेली. मामा आता थकले, त्यांचा पुतण्या गाडी चालवतो. बोगदा किती मिनिटांत पार होतो ते त्यानं पहिल्या फेरीलाच कौतुकानं सांगितलं होतं. अण्णांनी ते ऐकलं आणि तरीही विचारलं, काटा कुठं होता.

गाडी घरी आली की सकाळी थंड असताना डिपस्टिक अण्णाच काढतात. बीएस-६ च्या काही इंजिनांत गाळणीतली काजळी जाळायला डिझेल उशिरा सोडतात, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये उतरू शकतं. हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं. डिपस्टिक पुसायची, घालायची, काढायची, उजेडात आडवी धरायची. मग ती नाकाशी नेतात. एक थेंब बोटांत घेऊन तारही बघतात, पण त्याबद्दल काही बोलत नाहीत.

परवा मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तेव्हा ते नुकतेच वाकलेले सरळ होत होते.

"कमी झालंय का?" मी विचारलं.

"कमी नाही," ते म्हणाले, आणि डिपस्टिक पुन्हा एकदा पुसून आत घातली, पुन्हा काढून उन्हाकडे धरली. "वाढलं पण नाही."